हलग्याचा भोंगा आणि १.१.१.३

बेळगावजवळच्या हलगा गावात संध्याकाळी सातला ग्रामपंचायतीचा भोंगा वाजू लागला. नऊपर्यंत टीव्ही-मोबाइल बंद, मुलांनी अभ्यासाला बसायचं. सांगलीकडच्या मोहित्यांचे वडगावनं हा प्रयोग २०२२ मध्येच केला होता. मला त्यात आवडतं ते हे, की फोन मोठ्यांनाही बाजूला ठेवावा लागतो. पण भोंगा वेळेचा बंदोबस्त करतो. नऊनंतर पडद्यावर काय येईल, ते त्याच्या हातात नाही.

त्यासाठी डीएनएसकडे वळावं लागतं. संकेतस्थळ उघडण्याआधी फोन त्याचं नाव सांगून आकडी पत्ता विचारतो. पत्ता देणारा सर्व्हर सहसा इंटरनेट कंपनीचा असतो, पण तो बदलता येतो. क्लाउडफ्लेअरनं एप्रिल २०२० मध्ये १.१.१.३ हा मोफत सर्व्हर सुरू केला. अश्लील संकेतस्थळाचं नाव विचारलं, तर तो खरा पत्ता देतच नाही. राऊटरमध्ये हा आकडा भरला की घरातलं वाय-फाय बऱ्यापैकी राखलं जातं. पोरगं मोबाइल डेटावर गेलं, की राऊटरचा पहारा संपला. म्हणून अँड्रॉइड ९ आणि त्यापुढच्या फोनमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’चं सेटिंगही बदलावं. तिथे आकडा चालत नाही. ‘फॅमिली डॉट क्लाउडफ्लेअर-डीएनएस डॉट कॉम’ हे नाव इंग्रजीत टाकावं लागतं.

तरीही डीएनएसला दिसतं ते फक्त नाव. तंबाखूच्या पोत्यावरची चिठ्ठी वाचून आतला माल कळत नाही, तसंच हे. यूट्यूबवरचं बालगीत आणि नको तो व्हिडिओ, दोन्ही एकाच नावाखाली येतात. व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी पाठवलेली क्लिप तर या चाळणीतून जातच नाही.

खरी गोम पुढेच आहे. निपाणीत काय किंवा बेळगावात काय, कितीतरी घरांत एकच फोन सगळ्यांच्या हाती फिरतो. शिफारशी ठरतात त्या खात्यावर आधी काय पाहिलं गेलं त्यावरून. दुपारी काकांनी जे चवीनं पाहिलं, त्याचाच भाऊबंद रात्री पुतणीपुढे येतो. तिनं काहीही शोधलेलं नसतं. यूट्यूबवर पाहिलेल्याची नोंद पुसून ती ठेवणंच बंद केलं, तर मुखपृष्ठावरच्या शिफारशी थांबतात. त्याहून बरं म्हणजे मुलांचं वेगळं खातं काढून ते ‘फॅमिली लिंक’नं पालकांच्या खात्याला जोडावं.

२०२३ च्या विदा संरक्षण कायद्यानं अठरा वर्षांखालच्यांची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळलेली संमती घेण्याची तरतूद केली आहे. आजोबांच्या खात्यावर रील पाहणारा सातवीतला नातू मात्र कंपनीच्या लेखी साठीचा गृहस्थच असतो.