जुनी आलिशान गाडी : पाना कुठवर चालवायचा?

पुणे-सोलापूर महामार्गावरच्या चिंचोळी एमआयडीसीत पान्याशी दोस्ती असणारे पुष्कळ. जुनी ऑडी किंवा बीएमडब्ल्यू स्वस्तात हाती आली की ‘घरीच करू’ हा विचार येतोच. पण गाडीची किंमत उतरते, सुट्या भागांची उतरत नाही. हे पहिल्या बिलाला कळते.

एअर फिल्टर, एसीचा केबिन फिल्टर, वायपर ही कामे खुशाल स्वतः करा. धुळीच्या रस्त्यांवर फिल्टर वेळापत्रकाच्या आधीच चोंदतो.

ब्रेकपाशी मात्र थांबा. हँडब्रेकच्या दांड्याऐवजी बटण असलेल्या बहुतेक गाड्यांत मागच्या कॅलिपरवर छोटी मोटर असते. नेहमीच्या सवयीने पिस्टन सी-क्लॅम्पने मागे रेटला, तर ती यंत्रणा बिघडू शकते. आधी मोटर ‘सर्व्हिस मोड’ला न्यायची, बहुधा स्कॅनर लावूनच, मग पॅड बदलणे तसे सोपे. बऱ्याच बीएमडब्ल्यूंमध्ये नवी बॅटरीसुद्धा गाडीच्या संगणकात नोंदवावी लागते, नाहीतर जुन्या बॅटरीच्याच हिशेबाने चार्जिंग सुरू राहते. म्हणजे हात कितीही तयार असला तरी स्कॅनरवाचून अडते. आणि एअरबॅगला हौशी माणसाने हातच लावू नये.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, एअर सस्पेन्शन ही कामे जाणकाराचीच. व्यवहार ठरवण्याआधी गाडी स्कॅन करून घ्या, आणि जाणकार पुण्यातच गाठावा लागणार असेल तर तिथपर्यंतच्या सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर टोइंगचा दरही विचारून ठेवा.