गंडेदोरे नकोत, गाठी शिका

आजार बरा व्हावा म्हणून मनगटात गंडा बांधणे आपण सोडले. पण जीव वाचवणारी गाठ आपल्यापैकी किती जणांना येते? हात मोडला की घाईने ओढणी गळ्यात अडकवून गाठ मारली जाते. दवाखान्यात पोहोचेपर्यंत ती सुटते, नाहीतर अशी निरगाठ बसते की कात्री लावावी लागते. म्हणून प्रत्येक घरात किमान दोघांना पुढील दोन गाठी यायलाच हव्यात.

सपाट गाठ : ही पट्टी आणि झोळी बांधण्यासाठी. डावे टोक उजव्यावर घेऊन एक पीळ द्या. आता उजवे टोक डाव्यावर घेऊन दुसरा पीळ द्या. दोन्ही वेळा एकाच बाजूने पीळ दिला तर गाठ वाकडी बसते आणि सरकते. बरोबर बसलेली गाठ चपटी राहते, टोचत नाही, सहज सोडता येते. मीटरभर चौरस सुती कापड तिरके कापले की दोन त्रिकोणी झोळ्या होतात. झोळीत पंजा कोपरापेक्षा किंचित वर ठेवा. गाठ जखमेवर किंवा मानेच्या मणक्यावर नको, बाजूला घ्या. बोटे थंड, निळी किंवा बधिर झाली तर लगेच सैल करा. या गाठीवर माणसाचा भार कधीही टाकू नका.

न आवळणारा फास : पुरात, विहिरीत अडकलेल्याला ओढण्यासाठी. सुरगाठीचा फास ओढताना आवळतो, छाती दाबतो. हा आवळत नाही. दोरात एक छोटा वेढा घ्या. टोकाकडची बाजू वर, लांब दोर खाली. टोक वेढ्यातून खालून वर काढा, लांब दोराच्या मागून वळवा आणि पुन्हा त्याच वेढ्यातून खाली घाला. टोक वीतभर शिल्लक ठेवून घट्ट ओढा. फास दोन्ही काखांखालून यावा. काठावरूनच दोर फेका. पोहता येत असले तरी एकट्याने उडी घेऊ नका.

कुठे बांधायचे नाही, हेही तितकेच महत्त्वाचे. साप चावला तर दोरी आवळू नका. विषाचा धोका टळत नाही, उलट रक्तपुरवठा तुटून हातपाय गमावण्याची वेळ येते. अंगठ्या, बांगड्या काढा, तो अवयव हलू देऊ नका आणि १०८ ला फोन करून सरकारी दवाखाना गाठा. गटाराच्या चेंबरमध्ये कोणी बेशुद्ध पडले तर कमरेला दोर बांधूनही आत उतरू नका. विषारी वायूला दोर अडवत नाही. वाचवायला गेलेलेही मरतात. अग्निशमन दलाला १०१ वर कळवा. अशा धोकादायक सफाईला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, हे ठेकेदाराला ठणकावून सांगा.

गाठ वाचून येत नाही, हाताला सवय लागते. त्यासाठी मॅक्रमसारखा दुसरा सराव नाही. कुंडीचे शिंके किंवा तोरण विणताना चार दोऱ्यांपैकी मधले दोन स्थिर ठेवून बाहेरच्या दोघांची एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून गाठ मारतात. ही आपली सपाट गाठच! बाजू बदलायला विसरलात तर पट्टी गोल पीळ खाते, चूक डोळ्यांना दिसते. प्लास्टर निघाल्यावर आखडलेल्या बोटांनाही हा चांगला व्यायाम आहे; डॉक्टरांना विचारून सुरू करा. मुलांना शिकवताना दोरी गळ्यात घालायची नाही, हा पहिला नियम.

दोरखंड वळण्याचे काम जातिव्यवस्थेने मातंग बांधवांवर लादले. ती सक्ती जायलाच हवी. पण त्या हातांतले ज्ञान मोलाचे आहे. वस्तीतल्या अशा ज्येष्ठांना गुरू म्हणून सन्मानाने विहारात बोलवा. रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास, प्रत्येकाच्या हातात दोन हात दोरी. डोळे मिटून दोन्ही गाठी जमल्या की समजा, शिकलात.

जय भीम!