भिंतीचा खालचा कोपरा

भाऊबीज आली की आमच्या भंडारा जिल्ह्यात मंडईचे दिवस सुरू होतात. दिवसा मंडई, रात्री झाडीपट्टीचे नाटक. हा नाटकांचा हंगाम होळीपर्यंत चालतो, आणि भिंती रंगवणाऱ्या पेंटरचाही हंगाम जवळपास तोच. पावसाळ्यात ओल्या भिंतीवर रंग धरत नाही, म्हणून तो घरी बसतो किंवा रोवणीला जातो. दिवाळीनंतर मात्र रंगाचे डबे गाडीला बांधून या गावाहून त्या गावाला त्याची फिरस्ती सुरू होते. गेली काही वर्षे मी या फिरस्तीचा माग काढतो आहे. चित्रकलेचे शिक्षण मी घेतलेले नाही, कोणत्या विद्यापीठाशीही माझे नाते नाही. एक जुनी मोटारसायकल, एक वही आणि मोबाइलमधला कॅमेरा एवढीच माझी साधने.

या शोधाची सुरुवात माझ्याच एका चुकीने झाली. लाखांदूरच्या बाजूला एका जिल्हा परिषद शाळेच्या भिंतीवर मी सारसाची जोडी पाहिली होती. मागे वैनगंगा, पुढे धानाची बांधी आणि बांधीत उभे दोन सारस. एकाची मान वर, दुसऱ्याची चिखलात. हा पक्षी पुस्तकातून उतरवलेला नव्हता, कुणीतरी बांधावर उभे राहून पाहिलेला होता. मी छायाचित्र घेतले. खाली उजव्या कोपऱ्यात बादली होती, चिखलाचे शिंतोडे होते आणि काही पुसट अक्षरे होती. चित्र नीट दिसावे म्हणून मी खालची पट्टी कापून टाकली. ती अक्षरे म्हणजे पेंटरचे नाव होते, हे मला फार उशिरा उमगले. दोन वर्षांनी पुन्हा गेलो तेव्हा भिंतीला नवा रंग लागलेला होता. मुख्याध्यापकांची बदली झाली होती. जुन्या कागदांत ‘रंगरंगोटी’ एवढा एक शब्द आणि पुढे रक्कम होती.

नाव कोपऱ्यातच का हरवते, हे समजायला भिंतीचे काम पाहावे लागते. पेंटर आधी पत्र्याने जुने पापुद्रे खरवडतो, मग भिंत घासून प्रायमर मारतो. ज्या छोट्या चित्रावरून काम करायचे त्यावर चौकटी आखतो आणि तितक्याच चौकटी मोठ्या करून भिंतीवर आखतो. त्यासाठी निळीत बुडवलेली सुतळी दोघांनी दोन टोकांना ताणून धरायची आणि मधोमध चिमटीत ओढून सोडायची. फट् आवाज होतो आणि सरळ रेघ उमटते. एकट्याने हे काम होत नाही. भिंतीवरच्या चित्रात भागीदारी अशी पहिल्या रेघेपासूनच असते. पुढेही एकजण अक्षरे काढतो, दुसरा माणसे आणि पक्षी, तिसरा पोरगा आभाळ भरतो. सगळे झाले की ज्याच्या नावावर काम असते तो खाली उजवीकडे नाव आणि गाव लिहितो. पायातून वर चढणारी ओल सर्वांत आधी तिथे पोचते आणि पागोळ्यांचे शिंतोडेही तिथेच उडतात. दोन पावसाळ्यांत तिथला रंग फुगतो. मग शाळा खालचा पट्टा गेरूने किंवा चॉकलेटी ऑइल पेंटने रंगवून घेते. चित्र तसेच राहते आणि नाव जाते. यात कुणाचा दुष्टावा नसतो, पण परिणाम दर वेळी तोच होतो.

पैसे देणाऱ्याचे नाव मात्र टिकते. ही रीत आमच्या जिल्ह्यात दोन हजार वर्षे जुनी आहे. पवनीला 1969-70 साली शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झाले आणि बौद्ध स्तूपाचे अवशेष हाती आले. तिथल्या दगडी कठड्याच्या भागांवर ब्राह्मी लिपीत लहान लहान लेख आहेत. हे दान अमक्याचे, अशा धर्तीचे. दात्यांची नावे आपण आजही वाचू शकतो. दगड घडवणारा हात निनावी आहे. आजच्या भिंतीवर वर ठळक अक्षरांत ‘सौजन्य’ असते आणि खाली पेंटर. दगडाच्या जागी विटा आल्या, एवढाच फरक.

या भिंतींवरून गेल्या साठ वर्षांचा सरकारी इतिहासही वाचता येतो. 1960च्या दशकाच्या उत्तरार्धात कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण आला. 2000-01 साली आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले आणि गावोगाव घोषणा उमटल्या. गोंदिया जिल्हा 1999 साली आमच्यापासून वेगळा झाला, पण पेंटरने ती हद्द कधी मानली नाही. तो तुमसरहून तिरोड्याला आणि साकोलीहून अर्जुनी मोरगावला जातच राहिला. पुढे स्वस्त फ्लेक्स आले आणि दुकानांच्या पाट्यांचे काम गेले. त्या पडत्या काळात त्याला हात दिला तो शाळांच्या ‘बोलक्या भिंतीं’नी. कबीर वाजपेयी यांच्या ‘विन्यास’ संस्थेने मांडलेली ‘बाला’ ही कल्पना, म्हणजे शाळेची इमारत हेच शिकण्याचे साधन, सर्व शिक्षा अभियानातून देशभर गेली. दार उघडते तिथे जमिनीवर कोन, खांबावर उंची मोजायची पट्टी, जिन्याच्या पायऱ्यांवर पाढे. फ्लेक्सला हे जमण्यासारखे नव्हते.

आमच्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात या कामाला मोठा मान मिळाला. चंद्रपूर आणि बल्लारशा ही रेल्वे स्थानके वाघांच्या आणि जंगलाच्या चित्रांनी रंगवली गेली, आणि 2018 साली रेल्वेच्या स्थानक-सौंदर्याच्या स्पर्धेत या जोडीला पहिला क्रमांक मिळाला. मी चंद्रपूरला उतरतो तेव्हा लोक वाघापुढे उभे राहून फोटो काढताना दिसतात. बातमी मात्र स्थानकाच्या नावाने लक्षात राहते, चित्रकारांच्या नाही.

मग नाव राहते तरी कुणाचे? उत्तरासाठी मुंबईकडे पाहावे लागते. रणजित दहिया हे मूळचे हरियाणातील सोनीपतकडचे. सुरुवातीला ते मजुरीवर भिंतींना चुना मारत. पुढे चंदीगडच्या कला महाविद्यालयात आणि अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत शिकले. 2012 साली त्यांनी ‘बॉलिवूड आर्ट प्रोजेक्ट’ सुरू केला आणि वांद्र्याच्या गल्ल्यांत जुन्या हिंदी चित्रपटांतले चेहरे भिंतीवर आले. 2014 साली वांद्र्यातच महानगर टेलिफोनच्या उंच इमारतीवर दादासाहेब फाळके उभे राहिले. त्या कामात दहिया यांच्यासोबत ‘यंत्र’ या नावाने काम करणारा चित्रकार आणि इतर सहकारी होते. त्याच वर्षी दिल्लीच्या तेव्हाच्या पोलीस मुख्यालयावर जर्मनीचे हेंड्रिक बायकिर्श आणि आपल्याकडच्या अनपू वर्की यांनी मिळून गांधीजी रंगवले. फिरस्ती आणि भागीदारी या दोन्ही गोष्टी आमच्या साकोलीच्या पेंटरकडेही आहेत. तिथे नावे नोंदली जातात, इथे नाहीत. माझ्या मते खरा फरक हाच आहे, कौशल्याचा फरक त्यानंतर येतो.

कायदा याबाबत काय म्हणतो, हे मी स्वतःच वाचून समजून घेतले. 1957च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 प्रमाणे, मोबदला देऊन कुणी चित्र काढून घेतले आणि वेगळा करार नसेल, तर त्या चित्राचा पहिला मालक पैसे देणारा ठरतो. शासनासाठी केलेल्या कामालाही असाच नियम आहे. पण कलम 57 म्हणते की हक्क दुसऱ्याकडे गेले तरी ‘हे माझे काम आहे’ असे सांगण्याचा निर्मात्याचा अधिकार कायम राहतो. अमरनाथ सहगल यांचे दिल्लीच्या विज्ञान भवनातले काशाचे भव्य भित्तिशिल्प 1979 साली दुरुस्तीच्या वेळी काढून टाकले गेले आणि त्याची मोडतोड झाली. ते न्यायालयात गेले. 2005 साली दिल्ली उच्च न्यायालयाने अवशेष त्यांना परत द्यायला सांगितले आणि पाच लाख रुपये भरपाई दिली. मात्र त्याच न्यायालयाने 2019 साली राज रेवल यांच्या प्रकरणात म्हटले की जागेच्या मालकाला इमारत पाडण्यापासून वास्तुविशारद रोखू शकत नाही. मला यातून कळले ते असे: भिंत जपा, असा हट्ट आपला पेंटर कदाचित धरू शकणार नाही. नाव लिहा, असे तो नक्की म्हणू शकतो.

तो तसे म्हणत मात्र नाही. सारसांच्या त्या चित्राचा माग मला शेवटी एका मंडईत लागला. नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या एका वयस्क माणसाने मोबाइलमधले चित्र पाहिले, पायांवर बोट ठेवले आणि हा हात कुणाचा ते सांगितले. सारसाचा पाय कुठे आणि कसा वाकतो, हे इतके नेमके काढणारा या भागात एकच, म्हणाला. मी त्या पेंटरच्या घरी गेलो. तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. कोपऱ्यात जे नाव होते, तेही त्याचे नव्हते. ते काम घेणाऱ्याचे होते. अक्षरे त्याची, पक्षी याचे. मी माझी चूक सांगितली आणि माफी मागितली. तो हसला. “नावाले काय करता, भाऊ? पैसे भेटले ना, झालं.” मग तेच छायाचित्र मोठे करून तो बराच वेळ पाहत राहिला. त्याच्याकडे त्या चित्राची एकही प्रत नव्हती.

म्हणून या अंकाच्या वाचकांपुढे तीन साध्या गोष्टी ठेवतो. तुमच्या गावची शाळा रंगवायला निघाली, तर पेंटरचे नाव खालच्या पट्ट्यात नको, डोळ्यांच्या उंचीवर येऊ द्या. ज्यांनी ज्यांनी ब्रश धरला त्या सगळ्यांची नावे येऊ द्या. आणि बिलात ‘रंगरंगोटी’च्या पुढे तीच नावे लिहा, कारण भिंत पुसली गेली तरी कागद राहतो. याला वेगळा खर्च नाही.

सारसाची ती जोडी आता भिंतीवर नाही. छायाचित्राची एक प्रत छापून मी त्या पेंटरला नेऊन दिली. माझ्या वहीत त्या पानावर आता दोन नावे आहेत. इथे ती छापली नाहीत, कारण तशी परवानगी मी मागितली तेव्हा तो म्हणाला, आधी भिंतीवर लिहू द्या.