हलकी गोळी, पण कोणती?

ओल्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा आजोबांनी सुरीनं उभा चिरला आणि दोन बोटं आत घालून चाचपू लागले. कागद दोन दिवस बादलीत भिजत होता, त्याचा पार लगदा झाला होता. चार बोटं खोलीवरच तांब्याच्या पातळ कपच्या आणि शिशाची करडी पूड हाताला लागली. त्यापुढे कागद कोराच. "ही बाद," एवढंच म्हणून त्यांनी पुढचा गठ्ठा ओढला.

हे आजोबा म्हणजे आमचे विस्कॉन्सिनमधले शेजारी. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी इथे बंदुकीनं हरीण मारण्याचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो. यंदा त्यांची बारा वर्षांची नात पहिल्यांदा जाणार होती. तिच्यासाठी गोळी निवडायची म्हणून त्यांच्या शेतामागच्या मातीच्या बांधापाशी ओल्या गठ्ठ्यांवर गोळ्या झाडून पाहण्याचा हा खटाटोप चालला होता. मी साताऱ्याकडची. आमच्या देशात 1972 च्या कायद्यानं शिकार बंद झाली, त्यामुळे रायफल मी पहिल्यांदा पाहिली ती इथेच. पण त्या दुपारी मी हललेच नाही तिथून.

आपण सगळ्यालाच सरसकट 'गोळी' म्हणतो. खरं तर पितळी नळकांडं, त्यातली दारू, बुडाची टोपी आणि तोंडाशी बसवलेली गोळी मिळून काडतूस होतं. नळीतून बाहेर पडते ती फक्त गोळी आणि तिचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. हा ग्रेन आपल्याला वाटतो तितका परका नाही. इंग्रजांनी 1833 मध्ये आपला तोळा पक्का केला तो 180 ग्रेनचा. म्हणजे एक मासा 15 ग्रेनचा. आजोबांच्या जुन्या .30-06 रायफलीत 180 ग्रेनची गोळी असते, अगदी तोळाभर. नातीच्या .243 विंचेस्टरसाठी दुकानात मिळतात त्या साधारण 55 ते 105 ग्रेनच्या, म्हणजे पाऊण तोळ्याच्याही आतल्या. जाडी पेन्सिलीपेक्षा थोडी कमी.

हलकी का, तर धक्क्यासाठी. मोठ्या रायफलीच्या निम्म्याहूनही कमी धक्का .243 चा बसतो. खांद्याला मार बसेल ही धास्ती एकदा मनात शिरली की चाप ओढताना डोळे मिटतात आणि नेम चुकतो. 1955 मध्ये हे काडतूस आलं तेव्हापासून मुलांच्या हाती ते दिलं जातंय, यामागचं मोठं कारण हेच. शिवाय हलकी गोळी वेगानं जाते. 100 ग्रेनची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे 900 मीटरनं सुटते, 80 ची त्याहून शंभरेक मीटर जास्त वेगानं. ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते, म्हणून एवढ्याशा वजनातही हरणाला पुरेल इतका जोर असतो.

घोडं पेंड खातं ते नेमकं इथेच. वेग जितका जास्त, तितकी गोळी आपटताक्षणी फुटण्याची शक्यता जास्त. पहिल्या गठ्ठ्यात शिरली होती ती 58 ग्रेनची गोळी, कोल्हे आणि बिळातल्या छोट्या प्राण्यांसाठी केलेली. पातळ तांब्याचं कवच, आत मऊ शिसं. तिचं कामच फुटायचं. हरणाच्या खांद्याचं हाड आडवं आलं तर ती तिथेच चुरा होते, फुप्फुसापर्यंत पोचत नाही.

हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मागच्या हंगामात आमच्या रस्त्यावरच्या एका मुलानं अशाच गोळीनं मादी मारली, म्हणजे मारली असं त्याला वाटलं. रात्री दहापर्यंत आम्ही पाचजण बॅटऱ्या घेऊन ओकच्या पाचोळ्यात थेंब शोधत होतो. पहिल्यांदा करंगळीएवढा डाग, मग वीस पावलांवर एक, मग ओढ्याकाठी नुसता केसांचा झुबका. पुढे काही नाही. कुठेतरी ते जनावर उघडा खांदा घेऊन पडलं असेल. त्या मुलाचा चेहरा मला अजून आठवतो. त्याचा नेम वाईट नव्हता. त्याच्या हाती चुकीची गोळी दिली होती आणि ती मोठ्यांनी दिली होती.

दुसरा गठ्ठा 100 ग्रेनच्या साध्या शिशाच्या गोळीचा. ही वीतभराच्या पुढे गेली होती आणि तोंडाशी अळंबीसारखी पसरली होती. आजोबांनी ती पुसून तराजूवर ठेवली. 62 ग्रेन. उरलेले 38 वाटेत कागदात सांडले होते. हरणात ते मांसात सांडले असते.

तिसरी निघाली सर्वांत खोलवरून. 80 ग्रेनची, सबंध तांब्याची, शिसं अजिबात नाही. टोकाच्या चार पाकळ्या मागे वळलेल्या, कडा धारदार, मधला दांडा जसाच्या तसा. वजन 79. आजोबांनी ती माझ्या तळहातावर ठेवली तेव्हा एखाद्या नथीचा सुटा भाग हातात आल्यासारखं वाटलं.

गोळी फुटू नये हा विचार जुना आहे. जॉन नोस्लर नावाच्या शिकाऱ्याची गोळी 1946 मध्ये ब्रिटिश कोलंबियात मूस जातीच्या मोठ्या हरणाच्या खांद्यावर फुटली. त्यानं गोळीच्या मधोमध तांब्याच्या मिश्रधातूची आडवी भिंत घातली, म्हणजे पुढचा भाग पसरला तरी मागचा आत जात राहील. दोन वर्षांत ती गोळी बाजारात आली. सबंध तांब्याची गोळी हे त्याच्याही पुढचं पाऊल.

मग 100 ग्रेनचीच तांब्याची का नको, असं मी विचारलं. शिसं पाण्याच्या सव्वाअकरा पट जड, तांबं नऊ पट. तेवढंच वजन तांब्यात करायचं तर गोळी लांब होते आणि लांब गोळीला भोवऱ्यासारखं स्थिर ठेवायला जास्त फिरकी लागते. नातीच्या रायफलीतले आटे दहा इंचांत एक फेरा देतात. लांब गोळी त्यात डगमगते. त्यातून तांब्याच्या पाकळ्या उघडायला वेग हवा आणि तो हलक्या गोळीत असतोच. म्हणजे शिशाच्या गोळीत हलकेपणा धोक्याचा, तर तांब्याच्या गोळीत उपयोगाचा. स्कॉटलंडमध्ये रो जातीचं छोटं हरीण सोडून बाकी हरणांसाठी किमान 100 ग्रेनचा नियम होता. शिसं नसलेल्या गोळ्यांना वाट मिळावी म्हणून 2023 मध्ये तो 80 वर आणला.

तरी कागदावरचा निकाल शेवटचा नसतो. दोन डबे काडतुसं नातीनं स्वतः झाडली, बाकावर टेकून, नंतर गुडघ्यावर बसून. शंभर यार्डांवर पाच गोळ्या चहाच्या बशीत बसू लागल्या, तेव्हाच आजोबा "ठीक" म्हणाले. हरणाचं काळीज-फुप्फुस जेवणाच्या छोट्या ताटाएवढ्या जागेत असतं. बशी जमली की ताट जमतं.

हंगामाच्या दुसऱ्या सकाळी तिनं सत्तर यार्डांवरून एक मादी मारली. मादी चाळीसेक पावलं पळाली आणि पडली. गोळी दोन्ही फुप्फुसांतून आरपार गेली होती, मांस फारसं नासलं नव्हतं. संध्याकाळी आजोबांनी मागच्या पायाचा तुकडा कागदात गुंडाळून आमच्या दारात आणून दिला. कांदा-खोबऱ्याच्या वाटणात तो छान शिजला.

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या पुष्कळ घरांत असं मांस शेजाऱ्यांकडून येतं. 2008 मध्ये नॉर्थ डकोटात दान आलेल्या हरणाच्या खिम्याचे एक्स-रे काढले तेव्हा त्यात शिशाचे कण सापडले आणि ते मांस अन्नछत्रांतून परत घ्यावं लागलं. हे कण डोळ्यांना दिसत नाहीत, दाताखाली येत नाहीत आणि लहान मुलांच्या व पोटुशी बाईच्या शरीरात शिसं जाणं वाईटच. म्हणून पुडकं हातात घेताना आभार माना आणि गोळी शिशाची होती की तांब्याची, ते विचारा. चांगल्या शिकाऱ्याला हा प्रश्न आवडतो.