लकवा हाताला नाही, मेंदूला होतो

भंडारा हा धानाचा जिल्हा. रोवणीच्या दिवसांत बांधीतल्या बाईकडे नीट पाहा. चिखलात वाकून ती पऱ्हे रोवते, मागे सरकते, शेजारणीशी बोलते. तिला दिसतं ते मेंदूच्या मागच्या भागामुळे. बोटांना हुकूम सुटतो तो माथ्याजवळच्या पट्टीतून. घसरड्या चिखलात तोल राखतो लहान मेंदू, तर श्वास चालू ठेवतो मानेलगतचा मेंदूचा देठ. कुठलं काम कुठे चालतं हे ठाऊक नसलं, की लकव्याच्या वेळी घरचे भलत्याच उपायांत अडकतात.

गैरसमज : लकवा म्हणजे अंगात शिरलेलं वारं.
वस्तुस्थिती : मेंदूची रक्तवाहिनी तुंबते किंवा फुटते, तेव्हा लकवा होतो. हालचालीचे बहुतेक तंतू मेंदूच्या देठाच्या तळाशी बाजू बदलतात. म्हणून उजवा हात लुळा पडला, तर बिघाड बहुधा डाव्या मेंदूत असतो. हाताला कबुतराचं रक्त चोळून डोक्यातली गुठळी विरघळत नाही.

गैरसमज : बोलता येत नाही, म्हणजे समजतही नाही.
वस्तुस्थिती : 1861 साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी एका रुग्णाचा मेंदू मृत्यूनंतर तपासला. त्याला ‘तां’ एवढंच म्हणता यायचं, पण बोललेलं बरंचसं कळायचं. इजा डाव्या मेंदूच्या पुढच्या भागात होती. 1874 मध्ये कार्ल वेर्निके यांनी कानाजवळचा दुसरा भाग दाखवला. तिथे इजा झाली तर शब्द भरभर येतात, पण अर्थ हरवतो. म्हणजे बोलणं आणि समजणं वेगवेगळ्या जागी चालतं. म्हणून मुक्या झालेल्या माणसाच्या खाटेशी बसून त्याच्याबद्दल वाटेल ते बोलू नका. वाक्य न जुळणारे काही रुग्ण पाठ असलेलं भजन मात्र म्हणू शकतात.

गैरसमज : आपण मेंदूचा 10 टक्केच भाग वापरतो.
वस्तुस्थिती : मेंदू सगळाच वापरात असतो, झोपेतसुद्धा. शरीराच्या वजनात त्याचा वाटा जेमतेम 2 टक्के, पण ऊर्जा तो सुमारे 20 टक्के खातो.

गैरसमज : गेलेलं काम परत येतच नाही.
वस्तुस्थिती : मेलेल्या पेशी परत येत नाहीत, पण शाबूत भाग त्यांचं काही काम शिकून घेतात. त्यासाठी व्यायाम आणि वाचा-उपचार लवकर सुरू करून नेटाने चालू ठेवावे लागतात.

तोंड वाकडं झालं, उचललेला हात खाली पडला किंवा बोलणं अडखळलं, तर लगेच 108 ला फोन करा. तोंडात पाणी, औषध काहीही घालू नका. सीटी स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय गाठा, कारण वाहिनी तुंबली की फुटली हे त्यातून कळतं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. भंडाऱ्याहून नागपूर साठेक किलोमीटर, लाखांदूरकडून तर आणखी लांब. रुग्णालयात डॉक्टर आधी विचारतील : माणूस शेवटचा धड कधी होता? ती वेळ बरोबर सांगू शकेल ती बांधीत शेजारी रोवत असलेली बाईच. तिलाही सोबत घ्या.