सायकलीला वाट हवी, भराव नको

माणसाने बनविलेल्या सर्व वाहनांत सायकल हे बहुधा सर्वांत अल्पसंतुष्ट वाहन असावे. तिला इंधन लागत नाही, गॅरेज लागत नाही आणि चालण्यासाठी हातभर रुंदीची कठीण जमीन पुरते. शेताच्या बांधावरून आणि मिठागराच्या पाळीवरूनही ती सुखाने जाते. असे असता मुंबईच्या उपनगरांत तिच्या नावावर तलावाच्या पाण्यात दगडांचा भराव पडावा आणि ते काम थांबविण्यासाठी नागरिकांना उच्च न्यायालयापर्यंत जावे लागावे, ही विसंगती विचार करण्याजोगी आहे.

उपनगरांचा भूगोल सायकलीला अनुकूल आहे. मध्यभागी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आणि त्यांच्या कुशीत तुळशी, विहार व पवई हे तलाव. पश्चिमेला गोराई-मनोरीची खाडी. पूर्वेला मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत ठाणे खाडीलगतची तिवरे आणि मिठागरे. डोंगर आणि खाडी यांच्यामधली जमीन बव्हंशी सपाट आहे. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील उतारांवर जन्मलेली जाड टायरची ‘माउंटन बाइक’ आज याच सपाट मुलखात फिरताना दिसते. रविवारी पहाटे बोरिवलीचे किंवा मालाडचे तरुण सायकलीसह बोटीत बसून पलीकडे उतरतात आणि मनोरी, गोराई, उत्तन या गावांतून भातखाचरे व कोळीवाडे पाहत हिंडतात. पूर्वेकडचे हौशी लोक भांडुप उदंचन केंद्राच्या रस्त्याने खाडीकडे वळतात, जिथे हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत रोहित पक्ष्यांचे थवे उतरलेले असतात. यांपैकी एकही वाट सायकलीसाठी म्हणून कोणी बांधलेली नाही. कोळ्यांनी, मिठागर कामगारांनी आणि पालिकेच्या पाणीखात्याने आपापल्या कामासाठी केलेल्या या वाटा सायकलस्वारांना आयत्या मिळाल्या.

या पार्श्वभूमीवर पवईचे प्रकरण पाहावे. मुंबईची तहान भागविण्यासाठी १८९० च्या सुमारास हा तलाव बांधला गेला. त्याचे पाणी पिण्यायोग्य ठरले नाही. ते पुढे कारखाने आणि आरे वसाहत यांच्या वापरासाठी जाऊ लागले. माणसाने टाकून दिलेला तलाव निसर्गाने मात्र आपलासा केला. काठाची दलदल पाणपक्ष्यांची झाली आणि पाण्यात मगरींची वस्ती टिकून राहिली. या तलावाभोवती सायकल आणि धावण्याचा मार्ग करण्याचे महापालिकेने ठरविले व २०२१ मध्ये काठाच्या पाण्यात भराव पडू लागला. पवईच्याच आयआयटीतील संशोधक विद्यार्थ्यांनी न्यायालयाचे दार ठोठावले. जाळ्यांत दगड भरून केलेल्या रचनेतून पाणी खेळते राहील, असा पालिकेचा दावा होता. मानवनिर्मित तलावाला पाणथळ जागांचे २०१७ चे नियम लागूच होत नाहीत, असाही युक्तिवाद झाला. ६ मे २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो अमान्य केला, मार्गाचे काम बेकायदेशीर ठरविले आणि भराव काढून जागा पूर्ववत करण्यास सांगितले.

या निकालाकडे ‘विकास विरुद्ध पर्यावरण’ अशा ठरीव चष्म्यातून पाहणे सोपे आहे. परंतु त्यात एक साधा आर्थिक प्रश्न दडलेला आहे. कोणत्याही सार्वजनिक बांधकामाचा खर्च केवळ निविदेतल्या आकड्याइतका नसतो. त्या बांधकामापायी जे गमवावे लागते, तेही खर्चातच धरावयाचे असते. पाणथळ जमीन पावसाचे पाणी धरून ठेवते, गाळ अडविते, माशांना आसरा देते. या कामाचे बिल ती कोणाला पाठवीत नाही, म्हणून हिशेबाच्या वहीत तिची किंमत शून्य लागते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि विहार-पवईचे जादा पाणी वाहून नेणाऱ्या मिठी नदीने आपल्या बुजविलेल्या काठांचा हिशेब एका दिवसात चुकता करून घेतला. ते बिल भरले कुर्ल्याच्या आणि कलिन्याच्या रहिवाशांनी. ज्यांनी काठ बुजविले त्यांनी नव्हे.

दुसरे उदाहरण तानसा जलवाहिनीचे. वाहिनीच्या दोन्ही बाजूंची दहा-दहा मीटर जागा सुरक्षिततेसाठी मोकळी करावी, असा उच्च न्यायालयाचा आदेश होता. मोकळ्या झालेल्या पट्ट्यावर पुन्हा अतिक्रमण होऊ नये म्हणून मुलुंडपासून शीवपर्यंत आणि घाटकोपरहून पश्चिम उपनगरांकडे असा सुमारे ३९ किलोमीटरचा सायकलमार्ग योजला गेला. कल्पना वाईट नव्हती. येथे पाणथळ बुजवावयाची नव्हती आणि सपाट, सलग पट्टा तयार होता. पण त्याच पट्ट्यावरून उठविलेल्या हजारो कुटुंबांची रवानगी माहुलला, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी झाली. तेथील हवा माणसांच्या वस्तीला योग्य नाही अशी तक्रार करीत ही कुटुंबे वर्षानुवर्षे झगडली आणि अखेर २०१९ मध्ये, अन्यत्र राहण्यासाठी त्यांना दरमहा १५ हजार रुपये भाडे द्यावे, असा आदेश उच्च न्यायालयाला द्यावा लागला. निर्मळ हवेसाठी आखलेल्या मार्गाची किंमत दूषित हवेत राहणाऱ्यांनी चुकविली, असेच याचे वर्णन करावे लागेल.

तिसरा प्रकार वांद्रे-कुर्ला संकुलातला. तेथे २०११ मध्ये सायकलसाठी स्वतंत्र मार्गिका झाली. ती ना कोणत्या वस्तीला नीट जोडलेली होती, ना पुढच्या रस्त्यांना. तिच्यावर यथावकाश मोटारी उभ्या राहू लागल्या आणि २०२५ मध्ये मोटारींचा रस्ता रुंद करण्यासाठी ती काढून टाकण्याचे ठरले. सायकलस्वारच नाहीत, असे कारण अशा वेळी पुढे केले जाते. नदीवर अर्धाच पूल बांधावा आणि पलीकडे कोणी जात नाही म्हणून तो पाडावा, त्यातलाच हा प्रकार आहे.

वस्तुतः सायकलस्वार आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील बिगरशेती कामगारांपैकी सुमारे तेरा टक्के लोक कामावर सायकलने जात होते. उपनगरांत पहाटे दूध, पाव आणि वर्तमानपत्रे पोचविणारा, अंधेरीच्या स्थानकाबाहेर डब्यांच्या ओझ्याने वाकलेली सायकल हाकणारा, घाटकोपरच्या कारखान्यात रात्रपाळीला जाणारा हा सायकलस्वार नियोजनाच्या नकाशावर दिसत नाही. कारण तो हौसेने नव्हे, गरजेने सायकल चालवितो. त्याला तलावाकाठचे दृश्य नको असते. बस आणि ट्रक यांच्यामध्ये चिरडले न जाता घरी परतण्याची हमी हवी असते.

यावर कोणी म्हणेल की, मग हौशी सायकलस्वाराने जावे कोठे? कोंदटलेल्या शहराला मोकळ्या हवेचा हक्क नाही काय? तो अवश्य आहे. पण त्यासाठी नवे मार्ग बांधलेच पाहिजेत असे नाही. बेल्जियमच्या लिम्बर्ग प्रांताने १९९५ मध्ये एक साधी युक्ती केली. कालव्यांचे काठ, रेल्वेच्या सोडून दिलेल्या वाटा आणि शांत ग्रामीण रस्ते जेथे एकमेकांना भेटतात, त्या जागांना क्रमांक देऊन पाट्या लावल्या. आकड्यांवरून आकड्यांकडे जात कोणीही आपला प्रवास आखावा. शेजारच्या नेदरलँड्सनेही तीच पद्धत उचलली. त्या सपाट, पाणथळ मुलखांत मुख्य भांडवल पडले ते भरावाचे नव्हे, पाट्यांचे आणि कल्पकतेचे.

उपनगरांना हे अशक्य नाही. गोराई-मनोरीच्या बोटींत सायकलीला निश्चित जागा व माफक भाडे, धक्क्यांवर दिशादर्शक पाट्या, खाडीकडे जाणाऱ्या सेवारस्त्यांवर सुटीच्या सकाळी मोटारींना मज्जाव, स्थानकांबाहेर सायकलतळ आणि वस्तीतून स्थानकाकडे जाणाऱ्या सपाट रस्त्यांवर राखीव पट्टा, एवढ्याने हौशी आणि गरजू या दोघांचीही सोय होईल. तिवरे आणि त्यांच्याभोवतीची पन्नास मीटर जागा यांना २०१८ च्या उच्च न्यायालयाच्या निकालाने संरक्षण दिले आहे. ठाणे खाडीच्या पक्षी अभयारण्याला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा लाभला. या दोन्ही मर्यादा पाळूनही हे सारे करता येते.

मात्र त्यासाठी पाणथळ जागा शिल्लक राहिली पाहिजे. २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कांजूरमार्ग, भांडुप व मुलुंड येथील मिठागरांची सुमारे २५६ एकर जमीन धारावीच्या पुनर्वसनातील घरांसाठी घेण्यास मंजुरी दिली. घरांची निकड कोणीही नाकारणार नाही. परंतु भरतीचे आणि पावसाचे पाणी सामावून घेणारी जमीन घरांखाली गेली, तर ते पाणी कोणाच्या घरात शिरेल, याचा हिशेब निर्णयाच्या आधी मांडावयास हवा, नंतर नव्हे.

सायकलमार्गाची कसोटी यापुढे एकच असावी. ज्या मार्गासाठी पाणी बुजवावे लागते किंवा माणसे विषारी हवेत धाडावी लागतात, तो सायकलीचा मार्ग नव्हे. सायकलीने असला त्याग कधीच मागितलेला नाही. तिचे नाव पुढे करून तो मागणारे कोण आहेत, हे मात्र करदात्याने विचारले पाहिजे.