पंचवटी परिसरातील दोन भक्षक कीटक : भू-भुंगेरा व टाचणी

प्रस्तावना :
नाशिकमधील पंचवटी गोदावरीच्या डाव्या तीरावर वसलेली आहे. नदीकाठ, तपोवनातील झाडी व सभोवतालची शेती असे भिन्न अधिवास येथे एकमेकांलगत आहेत. अशा ठिकाणी कीटकांची संख्या मर्यादित ठेवण्यात भक्षक कीटकांचा वाटा मोठा असतो. प्रस्तुत लेखात लहान भू-भुंगेरा व टाचणी यांची या दृष्टीने तुलना केली आहे.

शिकारीची पद्धत :
भू-भुंगेरा कोलिऑप्टेरा गणातील कॅराबिडी कुलात, तर टाचणी ओडोनाटा गणातील झायगॉप्टेरा उपगणात मोडते. बहुतेक भू-भुंगेरे निशाचर असून दिवसा दगड व पालापाचोळ्याखाली दडून राहतात. ते वेगाने धावून अळ्या व लहान गोगलगायी बळकट जबड्यांत धरतात. अनेक जाती भक्ष्यावर पाचकरस सोडून द्रवरूप झालेले अन्न शोषून घेतात. याउलट टाचणी दिवसा शिकार करते. मोठ्या संयुक्त डोळ्यांनी हेरलेले डास व इतर लहान कीटक ती काटेरी पायांनी पकडते.

जीवनचक्र :
भू-भुंगेऱ्यात अंडे, अळी, कोष व प्रौढ अशा चार अवस्था असतात. बहुतेक जातींची अळी मातीत राहून शिकार करते. टाचणीत कोषावस्था नसते. तिची अंडी बहुधा पाणवनस्पतींच्या पेशीजालात घातली जातात. पाण्यातील अर्भक आपला घडीचा खालचा ओठ झटक्याने पुढे फेकून डासांच्या अळ्या पकडते. म्हणजेच हे दोन्ही कीटक बाल्यावस्थेपासूनच भक्षक असतात. मात्र एकाचे बालपण मातीत, तर दुसऱ्याचे पाण्यात जाते.

निष्कर्ष :
एक रात्री जमिनीवर, तर दुसरा दिवसा हवेत शिकार करीत असल्याने हे कीटक परस्परांचे स्पर्धक नसून पूरक ठरतात. त्यांचे अस्तित्व प्रौढांपेक्षा अर्भकांच्या अधिवासावर अधिक अवलंबून आहे. काठाचे काँक्रीटीकरण, पालापाचोळा जाळणे व कीटकनाशकांची सरसकट फवारणी यांमुळे हाच अधिवास नष्ट होतो. फवारणीने डासांबरोबर त्यांचे भक्षकही मरतात. डास लवकर वाढतात, भक्षक मात्र सावकाश. केवळ टाचण्या दिसतात म्हणून पाणी शुद्ध आहे असे मानणेही योग्य नाही, कारण इश्नुरा सेनेगालेन्सिससारख्या जाती काहीशा प्रदूषित पाण्यातही तग धरतात. २००३ व २०१५ प्रमाणे प्रत्येक सिंहस्थाच्या निमित्ताने नदीकाठी बांधकामे होतात. त्या वेळी काही काठ मातीचा व वनस्पतीयुक्त राखणे हाच या दोन्ही कीटकांच्या संरक्षणाचा सोपा उपाय होय.